अण्णांची दारूची पुस्तकं

"मास्तर, नरकाचं वर्णन आमच्या पोथीत लय सविस्तर हाय. ते वाचलं म्हणून कुणी नरकात जातंय का?"

सांगलीच्या आमच्या वाचनालयात अण्णा आले, की पायरीवर जोडे काढता काढताच हा प्रश्न टाकायचे. उत्तरासाठी ते थांबत नसत. आत येऊन माझ्या टेबलाजवळ बसायचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि साऱ्या वाचनालयाला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजायचे, "काय, दारूचं नवं काय आलं का?"

वर्तमानपत्रांच्या मागून चार डोकी वर यायची. तुम्ही असता तर तुमचंही आलं असतं. कारण हे विचारणारा माणूस कपाळाला केशरी गंध लावलेला, पांढऱ्याशुभ्र धोतरातला, पेठेतला नावाजलेला गुळाचा अडत्या. जैन, तोही साधासुधा नव्हे. मद्य, मांस आणि मध या तिन्हींचा त्याग तर होताच. शिवाय बटाटा नाही, कांदा नाही, पाणी गाळल्याशिवाय नाही आणि सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण नाही. दारू सोडाच, कालचं ताक आज अण्णांच्या ओठाला लागत नसे. आणि हा माणूस द्राक्षाच्या दारूवरची पुस्तकं वाचायला जीव टाकत होता. मी तिथला ग्रंथपाल. म्हणजे पुस्तकं देणारा, घेणारा, झाडणारा आणि खुर्च्या मोजणारा. अण्णा मला मास्तर म्हणायचे, कारण चार इंग्रजी अक्षरं येणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तरच होता.

या वेडाची सुरुवात वेलदोड्याच्या पुडीपासून झाली. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, कागदाची चणचण होती, आणि वाणी मिळेल त्या कागदात पुड्या बांधत. अण्णांच्या घरी आलेल्या पुडीचा कागद म्हणजे कुठल्याशा इंग्रजी पुस्तकाचं पान होतं. त्यांची एकुलती एक लेक सुमती मॅट्रिक झालेली. तिला वाचायचं इतकं वेड, की पुडीसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाही. तिनं ते पान वडिलांना वाचून दाखवलं. त्यात एका टेकडीची हकिगत होती. टेकडीच्या ज्या अंगाला सकाळचं ऊन पडतं तिथल्या द्राक्षांची दारू वेगळी लागते, ज्या अंगाला दुपारचं पडतं तिथली वेगळी, आणि जाणकार माणूस एका घोटात सांगतो की ही कुठल्या अंगाची.

अण्णांनी हातातला दुधाचा पेला खाली ठेवला. सगळी हयात ते गुळाबद्दल हेच ओरडून सांगत होते. नदीकाठच्या काळ्या रानातला ऊस आणि माळावरच्या मुरमाड रानातला ऊस, गाव एक, बियाणं एक, पण गूळ एक नव्हे. पेठ त्यांना हसायची. "आन् तिकडं सातासमुद्रापलीकडं एक साहेब माझंच म्हणणं छापून बसलाय!" अण्णा मला सांगत होते. "मला पत्ता न्हाई आन् त्याला बी पत्ता न्हाई!"

पान नेमकं वाक्याच्या मध्येच संपत होतं. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच अण्णा पायरीवर उभे होते. वेलदोड्याचा घमघमाट सुटलेलं ते पान त्यांनी माझ्यापुढं पसरलं आणि म्हणाले, "याचं उरलेलं पुस्तक द्या."

आता पुस्तकाचं नाव ठाऊक नाही, लेखक ठाऊक नाही. आमच्या कपाटांत दारूविषयी एकच पुस्तक होतं, तिच्या दुष्परिणामांवर. अण्णांनी ते एका बैठकीत संपवलं आणि नाराज होऊन परत केलं. "यात नुसतं पिऊन पडल्यावर काय हुतंय तेच लिवलंय. पडायच्या आधीचं कुठाय?" मी पुण्याच्या एका दुकानाला लिहिलं. त्यांनी अबकारी कायद्याचं जाडजूड पुस्तक पाठवलं. पुन्हा लिहिलं, तर रसायनशास्त्राचं आलं. अण्णांनी तेही सुमतीकडून चिवटपणे वाचून घेतलं. मग कुणीतरी सुचवलं म्हणून ते एका वैद्यांकडं गेले, कारण त्यांच्याकडं द्राक्षासवाची माहिती असलेला ग्रंथ होता. वैद्यबुवांनी ग्रंथ काढायच्या ऐवजी बाटली काढली आणि म्हणाले, "दोन चमचे घ्या, म्हणजे लगेच समजेल." अण्णा जोडे तिथंच टाकून अनवाणी पळत आले. जोडे आणायला मला जावं लागलं.

अखेर मुंबईहून माझ्या मावसभावानं जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एक पातळसं पुस्तक धाडलं. कुणी एक म्हातारा इंग्रज आपल्या तळघरातल्या बाटल्यांविषयी गप्पा मारत होता. पुडीचं पान काही यातलं नव्हतं. पण सुमतीनं पहिलं पान वाचलं आणि अण्णा म्हणाले, "हा आपला माणूस हाय."

मग दर रविवारी दुपारी अण्णांच्या माडीवर वाचन सुरू झालं. मला आमंत्रण असायचं. अण्णा लोडाला टेकून, मी शेंगा सोलत, आणि सुमती खिडकीत बसून. ती एक वाक्य मनातल्या मनात इंग्रजीत वाचायची आणि आपल्या भाषेत मोठ्यानं सांगायची. "अण्णा, साहेब म्हणतोय, ही दारू म्हंजी नवी सून हाय. पयल्यांदा उंबऱ्यातच उभी ऱ्हाती, विचारलं तरच बोलती. चार वर्सांनी बगा, घर चालवती." अण्णा मांडीवर थाप मारायचे. मी एकदा ते पुस्तक चोरून चाळलं. त्यात एवढंच होतं की ही दारू सुरुवातीला जरा मिटून असते. सून कुठंच नव्हती. पण पुस्तक मी होतं तिथं ठेवून दिलं. खरं सांगायचं तर साहेबापेक्षा सुमतीचं पुस्तकच जास्त चांगलं होतं.

चांगल्या पुस्तकाची अण्णांची कसोटी मात्र पक्की होती. "मास्तर, वाचून तोंडाला पाणी सुटलं पाहिजे, पण पेला मागावासा वाटता कामा न्हाई. पेला मागावासा वाटला तर ते पुस्तक न्हाई, जाहिरात हाय."

या वाचनाचा परिणाम आधी गुळावर झाला. सौद्याच्या वेळी अडते गुळाच्या रव्याला, म्हणजे ढेपेला, छिद्र पाडून कण काढतात, बोटांवर चुरतात, जिभेवर ठेवतात आणि मग रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवतात. बोलायचं काम नसतं. अण्णा बोलायला लागले. डोळे मिटून, मान एका बाजूला टाकून ते म्हणायचे, "हा गूळ अजून लाजतोय. ह्याला दिवाळीपतुर बोलवू नका." सगळा सौदा थांबायचा. एकदा एका शेतकऱ्याचा गूळ चाखून ते म्हणाले, "पयल्यांदा ऊस येतोय... मग जरा धूर... आन् त्याच्या मागनं हळूच पेरू."

शेतकरी पांढराफटक पडला. "आवं अण्णा, पेरू न्हाई वो घातला! आमच्या रानात पेरूचं झाडच न्हाई! शपथ घ्या!"

"घातलाय कोण म्हणतंय रं? त्यो आपनहून आलाय."

"आपनहून कसा येईल? कढईखालच्या चुलवाणाला मी सोता बसलो हुतो!"

त्या बिचाऱ्यानं दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर गूळ शिजवणाऱ्या गुळव्याला साक्षीला आणलं. तेव्हापासून अण्णा सौद्यात उभे राहिले की सगळी पेठ गोळा व्हायची. कुणी मुद्दाम विचारायचं, "अण्णा, आज मागनं काय येतंय?" अण्णा मनापासून उत्तर द्यायचे. चेष्टा चाललीय हे त्यांना कळत नसे, की कळूनही चालत असे, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

पण सगळी चेष्टा निरुपद्रवी नसते. अण्णा दारूची पुस्तकं वाचतात, हे गावभर झालं. चार गावं ओलांडेपर्यंत त्यातली पुस्तकं गळून पडली आणि दारू तेवढी उरली. सुमतीचं एक ठरत आलेलं स्थळ मोडलं. मुलाकडच्यांनी कारण सांगितलं नाही, पण कारण सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णांच्या पत्नींना सारी आळी आक्का म्हणायची. आक्कांनी त्या दिवशी माझ्या देखत अण्णांना विचारलं, "आवं, पोरगी घरात ठेवून काय त्या पुस्तकास्नी वर शोधायचा हाय?"

अण्णांची मान खाली गेली. त्यानंतरचे काही रविवार माडीवर वाचन झालं नाही. अण्णा वाचनालयात यायचे, वर्तमानपत्र उलटं धरून बसायचे आणि निघून जायचे. मला फार वाईट वाटायचं. सुमतीला मात्र राग आला होता, आणि तो त्या मोडलेल्या स्थळावर होता. "अण्णा, पुस्तकाला भिऊन पळालं त्येच्या घरात मी काय वाचू?" असं ती म्हणाली आणि वाचन पुन्हा सुरू झालं.

मग साताऱ्याची बातमी आली. इंग्रजांचं राज्य जाणार हे आता ठरलं होतं, आणि तिथल्या छावणीतले साहेब लोक चंबूगबाळं आवरत होते. एका साहेबाच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव होता, पुस्तकांसकट. उंब्रजच्या एका ट्रकवाल्यानं पुस्तकांच्या खोक्यात द्राक्षाच्या घडांचं चित्र पाहिलं होतं. तेवढं पुरे होतं. अण्णा मला घेऊन साताऱ्याला निघाले.

लिलावात घोड्याची खोगिरं होती, लोखंडी पलंग होते, एक मोडका पियानो होता. लोक त्यांच्यामागं धावत होते. पुस्तकांचं खोकं आलं तेव्हा बोली लावणारे दोघेच, अण्णा आणि एक रद्दीवाला. रद्दीवाल्यानं थोडा वेळ अण्णांकडं पाहिलं आणि म्हणाला, "शेट, तुमी वाचणार हाय का?" अण्णा म्हणाले, "व्हय." त्यानं हात जोडले आणि बाजूला झाला.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. अण्णांना दम धरवेना. आम्ही फलाटावरच खोक्याचे खिळे उचकटले. वरती घोड्यांच्या आजारांवरची दोन पुस्तकं, मग प्रवचनांचे खंड आणि त्याखाली, अहाहा, द्राक्षाच्या दारूवरची तीन! एक तर पोथीएवढं मोठं, पानं अजून कडेला जोडलेली; तेव्हा अशी पुस्तकं वाचणाऱ्यानंच कापायची असत, ती कुणी कापलेलीसुद्धा नव्हती. साहेबानं ते कधी उघडलंच नव्हतं. अण्णा त्या पुस्तकावरून तान्ह्या लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा हात फिरवत होते. मी खोक्याच्या तळाशी हात घातला, तर लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. मोजा काढला. भरलेली, लाखेनं बंद केलेली, काळपट हिरवी बाटली!

अण्णांनी विंचू पाहावा तसा पाय मागं घेतला.

"काही नाही अण्णा, इथंच ठेवून जाऊ," मी म्हणालो.

"आन् कुणी हमालानं पिली तर?"

"मग ओतून देऊ."

"मुंग्या मरतील."

"नदीत?"

"मासं."

"बरं, मग मला द्या. मी तिचं काय करायचं ते करतो."

अण्णांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. "मास्तर, तुमी त्येचं काय कराल ह्येचा भरवसा मला न्हाई."

त्यांच्या धर्मात पाप तीन वाटांनी लागतं. स्वतः करून, दुसऱ्याकडून करवून, आणि कुणी केलं तर बरं झालं म्हणून. विकली तर करवणं, दिली तर करवणं, टाकली आणि कुणी उचलली तरी करवणं. दारू न पिणाऱ्या माणसाला दारूची बाटली अशी चिकटलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. शेवटी बाटली पुन्हा मोज्यात गेली आणि मोजा खोक्यात.

मिरजेला गाडी बदलून सांगलीला उतरलो, तर स्टेशनबाहेर जकातीचा नाका. आमचं तेव्हा संस्थान होतं, त्यामुळं नाक्याला भलताच रुबाब. नाकेदारानं विचारलं, "अण्णा, काय आणलंत?"

"पुस्तकं."

"आनि?"

अण्णांना खोटं बोलता येत नसे. "आनि एक दारूची बाटली."

नाकेदार इतका हसला की त्याला ठसका लागला. त्यानं शिपायाला बोलावलं. "आरं ऐकलंस का? अण्णा दारू घेऊन आल्यात!" शिपाईही हसायला लागला.

"आवं खरंच हाय! बघा तरी!" अण्णा काकुळतीला आले होते. जप्त केली असती तर सुटका झाली असती.

"जावा अण्णा, जावा. आक्का वाट बघत असतील," असं म्हणून नाकेदारानं स्वतः खोकं टांग्यात चढवून दिलं.

आक्कांनी बाटलीला उंबरा ओलांडू दिला नाही. म्हणून ती घराला लागून असलेल्या वखारीत, गुळाच्या रव्यांच्या मागं एका कोनाड्यात गेली आणि तिथंच राहिली. अण्णा रोज नवी युक्ती काढायचे आणि रोज स्वतःच ती खोडून काढायचे. इकडं उंब्रजहून नवं स्थळ आलं. शेंगांचे व्यापारी, मुलगा साताऱ्यात वकील. मुलाचे आजोबा, ज्यांना सगळे थोरले आप्पा म्हणत, ते अण्णांपेक्षाही कडक व्रती. पाण्याचं गाळणं स्वतः पाहिल्याशिवाय कुणाच्या घरी बसायचे नाहीत. त्यांच्यात रीत अशी, की पाहुणे मुलीच्या घरी जेवले तर पसंती. नुसतं पाणी पिऊन उठले तर नकार. आणि जेवायचं ते अर्थातच सूर्य मावळायच्या आत.

"ह्ये मोडलं तर पुन्हा कुणी दारात यायचं न्हाई," आक्का म्हणाल्या. हे अण्णांनाही कळत होतं. त्यांनी पुस्तकं पेटीत घातली, पेटी माळ्यावर टाकली आणि मला बोलावून घेतलं. पोरीच्या शिक्षणाबद्दल काही विचारलं तर उत्तर द्यायला एक शिकलेला माणूस असावा म्हणून.

गाडी उशिरा आली. पाहुणे येईपर्यंत ऊन उतरणीला लागलं होतं. थोरल्या आप्पांनी गाळणं पाहिलं, पाण्याचा हंडा पाहिला, स्वयंपाकघरात डोकावून मान हलवली. सगळं सुरळीत चाललं होतं. वखारीची मागची भिंत बांधायला काढल्यामुळं परसात गवंडी होता, कळीच्या चुन्याचा ढीग होता, धूळ होती, त्याबद्दल अण्णांनी हात जोडून माफी मागितली. पानं वाढायची तयारी झाली. तेवढ्यात थोरले आप्पा म्हणाले, "तुमच्या गुळाची कीर्ती लय ऐकली. जेवणाआधी एक खडा तरी दाखवा की."

अण्णांना नाही म्हणता येईना. आम्ही सगळे वखारीत गेलो. थोरल्या आप्पांनी अण्णांनी पुढं केलेला रवा सोडून मागचा एक स्वतःच्या हातानं उचलला. मागं कोनाडा. कोनाड्यात बाटली.

"ह्ये काय?"

"दारू," अण्णा म्हणाले.

"कुणाची?"

"माझी."

मुलाच्या वडिलांनी टोपी सारखी केली, म्हणजे निघायची तयारी. आक्का दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण अण्णा माझ्याआधी सुरू झाले. त्यांनी वेलदोड्याच्या पुडीपासून सगळं सांगितलं. टेकडी, साहेब, साताऱ्याचं खोकं, मोजा, नाका. एक शब्द गाळला नाही. आणि शेवटी हात जोडून म्हणाले, "आप्पा, माझ्या पोरीचा ह्यात काय दोष न्हाई. तुमी जाणतं हाय. तुमीच सांगा, मी ह्या बाटलीचं काय करू?"

थोरले आप्पा गुळाच्या गोणीवर बसले. "त्यात काय अवघड हाय," ते म्हणाले. "ओता जमिनीवर."

"मुंग्या."

"हां. मग... पुरून टाका."

"पुढं कुणी खणलं तर?"

"सरकारजमा करा."

"सरकार घेईना!"

आता थोरल्या आप्पांच्या कपाळाला आठी पडली, पण ती रागाची नव्हती. त्यांना इतका चांगला प्रश्न बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. ते एक उपाय काढायचे आणि अण्णा तो पाडायचे. मग मुलाचे वडीलही टोपी काढून बसले आणि त्यांनी दोन उपाय सुचवले. ते दोन्ही थोरल्या आप्पांनी पाडले. चर्चा अशी रंगली की मुलगी पाहायला आलोय हे सगळे विसरले. फक्त आक्का विसरल्या नव्हत्या. उन्हाची तिरीप वखारीच्या दारातून आत शिरली, मग भिंतीवर चढली. "आवं, दिस बुडाय आला," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

थोरले आप्पा भानावर आले. "जेवायचं तर हाय. पण ही घरात असताना मी घास कसा घेऊ?"

"परसात कळीचा चुना हाय की."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. पाहायला आणलेली मुलगी बोलली होती. नव्या लुगड्यात, दारात उभी, आणि मान खाली नव्हती. आक्कांनी कपाळाला हात लावला.

"फुडं बोल पोरी," थोरले आप्पा म्हणाले.

"भट्टीतनं भाजून आलाय, त्यात जीव ऱ्हात न्हाई. ओल लागली की सोताच उकळतोय. त्यात ओतली तर मुंगीच्या बी पोटात जायची न्हाई. चुना भिंतीत जाईल. भिंत कोण चाटतंय?"

थोरल्या आप्पांनी डोळे मिटले. तीनही वाटा त्यांनी मनातल्या मनात तपासल्या असाव्यात, कारण त्यांची बोटं हलत होती. मग ते गोणीवरून ताडकन उठले. "चला!"

सगळी वरात परसात. बाटली गवंड्याच्या हातात दिली. बूच कसं काढायचं हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं, एक अण्णा सोडून. गवंड्यानं थापी उगारून बाटलीची मान उडवायचा पवित्रा घेतला आणि अण्णा जिवाच्या आकांतानं ओरडले, "आरं हळू! आडवी नको करू! तळाचा गाळ हलंल!"

थोरल्या आप्पांनी अण्णांकडं वळून पाहिलं. "चुन्यातच वतायची हाय न्हवं?"

"व्हय," अण्णा ओशाळून म्हणाले. "पण पुस्तकात तसं लिवलंय."

इतका वेळ मुकाट उभा असलेला मुलगा, तो वकील, पहिल्यांदा हसला. हसला म्हणजे काय, पोट धरून खाली बसला. सुमतीनंही पदर तोंडाला लावला. गवंड्याची थापी बसली, मान उडाली आणि अण्णांनी स्वतः बाटली हातात घेऊन, गाळ न हलवता, हळूहळू चुन्यावर रिकामी केली. चुना फसफसला, उकळला, वाफेचा लोट उठला.

आणि त्या क्षणी मी अण्णांकडं पाहत होतो. इतके दिवस ज्याच्याविषयी ऐकलं, ते समोर वाफ होऊन येत होतं. अण्णांनी झटकन उपरण्यानं नाक गच्च दाबलं आणि वाफेकडं पाठ केली. डोळ्यांत पाणी होतं. चुन्याचं असेल, नसेलही. मी नंतर विचारलं, "अण्णा, वास घ्यायला काय हरकत होती? वास आपणहून आला होता." ते म्हणाले, "न्हाई मास्तर. वास म्हंजी निम्मं पिणं. पुस्तकातच लिवलंय."

पण मग त्यांना राहवेना. "कसा होता? कसा होता?" गवंड्याला विचारलं. तो म्हणाला, "आंबूस." मला विचारलं, मी काहीतरी गुळमुळीत बोललो. पानावर बसल्यावर त्यांनी थोरल्या आप्पांनाही विचारलं. आप्पांनी पुरणपोळीचा घास घोळवला, विचार केला आणि म्हणाले, "पिकून फुटल्याल्या जांभळागत. पण बरा हुता."

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. थोरल्या आप्पांच्याही लक्षात आलं. बरा म्हटलं, म्हणजे तिसऱ्या वाटेनं पाप लागलं! त्यांनी दोन्ही गालांत मारून घेतलं आणि जाहीर केलं, "उद्या तूप बंद." मग अण्णांच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "पावनं, तुमच्या घरात माणसाचं काय खरं न्हाई!" बाहेर सूर्य टेकला होता. पाहुणे पोटभर जेवले होते.

लग्न झालं. सुमती साताऱ्याला गेली आणि माडीवरचा रविवार ओस पडला. मी म्हणालो, "अण्णा, मी वाचून दाखवतो." एकदा दाखवलंही. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं इंग्रजी झकास हाय मास्तर. पण तुमी साहेबासारखंच वाचता. मला सुमीचा साहेब पायजे."

मग अण्णांना साताऱ्यात गुळाचं काम निघायला लागलं. साताऱ्यात कसलं आलंय गुळाचं काम! पण अण्णा ते जाडं, दुसऱ्या एका साहेबाचं पुस्तक पंच्यात गुंडाळून निघायचे. जाताना माझ्याकडून चाकू घेऊन सुमतीच्या एका बैठकीत वाचून होतील तेवढीच पानं कापायचे, एकही जास्त नाही. सुमती चुलीपुढं भाकरी थापता थापता वाचायची, जावई कोर्टातून लवकर घरी यायचा, आणि थोरले आप्पा उंब्रजहून नेमके त्याच दिवशी कसे येतात हे म्हणे कुणालाच कळत नसे. परत आले की अण्णा चार दिवस उडत असायचे. पायरीवरून ओरडायचे, "मास्तर, साहेब आता पावसात अडकलाय!"

एका हिवाळ्यात, सौदे ऐन भरात असताना, अण्णा गेले. साधा ताप म्हणता म्हणता गेले. मला अजूनही पेठेतून जाताना कुणी गुळाचा कण जिभेवर ठेवून नुसताच भाव ठरवताना दिसला, की चुकल्या चुकल्यासारखं वाटतं.

पुढं सुमती वडिलांची पुस्तकं वाचनालयाला द्यायला आली. मी एकेक चाळून नोंद करत होतो. जाड्या पुस्तकाशी आलो, तर शेवटची काही पानं अजून जोडलेलीच. अण्णांनी साताऱ्याच्या पुढच्या खेपेसाठी ठेवलेली. मी ते पुस्तक तसंच तिच्या हातात दिलं. तिनं जोडलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि चाकू मागितला. उभ्या उभ्याच पानं कापली, मनातल्या मनात एक वाक्य वाचलं आणि मोठ्यानं सांगायला लागली. संध्याकाळची वेळ, वाचनालय भरलेलं. वर्तमानपत्रं एकेक करून खाली आली. कुणी तिला हळू बोला म्हटलं नाही.

"साहेब आता म्हातारा झालाय. डॉक्टरनं सांगितलंय, एक थेंब घ्यायचा न्हाई. मग साहेब म्हणतोय..." ती थांबली. पुन्हा त्या ओळीवर गेली. खिडकीजवळचे एक पेन्शनर अधीर होऊन म्हणाले, "काय म्हणतोय साहेब?"

"म्हणतोय, आता मी खुर्चीत बसतोय आन् दुसऱ्यांनी लिवलेली दारूची पुस्तकं वाचतोय. आन् मला कायबी कमी पडत न्हाई."

तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मग पुस्तक छातीशी धरून, सगळ्या वाचनालयाला विसरून, ती मोठ्यांदा म्हणाली, "अण्णा, ऐकलासा का? साहेब आपल्यात आला की वो!"